लाईन गेली तेव्हा

अंगणवाडीत खोब्रागडे सिस्टर आल्या होत्या
रक्तवाढीच्या गोळ्या वाटायला.
गोळ्या संपल्या, बाया बसूनच राहिल्या,
तर त्यांनी सहज विचारलं,
'रातच्याला नवरा जवळ येते, तवा तुमाले काय भेटते?'
दुर्पता म्हणाली, 'झोप. त्याले.'
हसता हसता कौतिकेचा पदर बादलीत पडला.

सिस्टरांनी मग पोरांची पाटी घेतली,
अ आ पुसून एक चित्र काढलं,
खडूचं टोक एका जागी टेकवलं.
'हे इतकुसं. याच्यातून लेकरू येत नाई, लघवी येत नाई.
सुखाशिवाय याले दुसरं कामच नाई.'
या वेळी कोणी हसलं नाही.

चोवीस वर्षं झाली लग्नाला.
दोन बाळंतपणं, एक ऑपरेशन.
वखराच्या तुकड्या-तुकड्याला आमच्याकडे नाव आहे,
खोड, दांडी, रुमणं, पास,
आणि ह्याच्यासाठी माहेरून मी
एका शिवीपलीकडे शब्द आणला नव्हता.
मी त्याला चारोळी म्हणू लागले. मनातच.

दुपारी न्हाणीची कडी लावून
आधी मीच ओळख करून घेतली.
बाहेर कोंबड्या उकिरड्यावर भांडत होत्या.
पहिल्यांदा वाटलं, मिरगी आली.
भिंत धरून बसले.
मग एकटीच हसले, पदराचा बोळा तोंडात धरून.

प्रल्हाद वाईट माणूस नाही.
हात उचलला नाही कधी, दारू फक्त पोळ्याच्या करीला.
घाई मात्र फार. मोटर लावून आल्यासारखी,
लाईन जायच्या आत सगळे वाफे भिजवायचे.
एका रात्री म्हटलं त्याला,
'संत्रं तोडताना अंगठ्यानं दाबून इचारता,
पिकलं का म्हनून.
मले इचारलं कधी?'

भिंतीकडे वळला.
तीन दिवस जेवताना मीठसुद्धा पोराकडून मागितलं.
चौथ्या रात्री अंधारातून आवाज आला,
'कोनं शिकवलं तुले?'
'सरकारनं.'
बराच वेळ नुसता कुलर घरघरत राहिला.
'सांग मंग,' तो म्हणाला.

सांगायचं कसं?
ट्रॅक्टर अंगणात घेताना मागे उभी राहून ओरडते तसंच,
फक्त कानाशी:
वर. जरासं वर. हं, थांबा. हळू.
आता तिथून हलू नका.
तो हसला, मीही हसले, आणि काही जमलं नाही.
दुसऱ्यांदाही नाही.
एकदा त्याचा हात अवघडला,
एकदा सासूबाईंनी पाणी मागितलं.
पऱ्हाटी उपटून बोटं चिरलेली त्याची,
मी उशाशी वाटीत खोबरेल ठेवू लागले.
ती वाटी पाहून पोरगा म्हणाला, 'आई, केस गळतात का तुझे?'

मे महिन्यात कुलरच्या आवाजाखाली
आख्ख्या गावाची लाज झाकलेली असते.
त्या रात्री लाईन गेली.
पातं फिरत फिरत थांबलं,
वाळ्याच्या ताटीवरून पाणी ठिबकत राहिलं
आणि प्रल्हाद थांबला नाही.
घाईत नसले की त्याचे हात किती वेगळे असतात!
एवढ्या मोठ्या शांततेत
माझ्या घशातून जे निघालं
ते बाळंतपणातही निघालं नव्हतं.
पलीकडे दुर्पताच्या बाजेची करकर बंद झाली.
कुठलंसं कुत्रं भुंकलं.

सकाळी नळावर ती माझ्याकडे बघेना.
गुंड भरून वाहायला लागला तेव्हा म्हणाली,
'रातच्याला काय झालं वं?'
'काई नाई. लाईन गेली होती.'
'गेली का आली?'

तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली, काढली, पुन्हा ठेवली.
मग भरलेला गुंड तसाच सोडून जवळ आली.
'बाई वं, ते सिस्टर
पुन्हा कवा येनार हाय?'